पांढरा जीवखडा

शेवग्याखालची मातीची परळ पालथी पडलेली मला सकाळी दिसली. तिच्यातलं पाणी कधीच जमिनीत जिरून गेलं होतं. तिळाचे चार दाणे मुंग्या ओढून नेत होत्या आणि अण्णांचा जीवखडा जागेवर नव्हता.

मी तांब्या हातात धरून उभी राहिले. खरं तर घाबरायला हवं होतं. पण वडील, आमचे अण्णा, गेल्यापासून मला काहीच नीट वाटत नव्हतं. दाढ काढताना डॉक्टर सुई देतात आणि मग गाल आपला की शेजाऱ्याचा तेच कळत नाही, तसं माझं सगळं झालं होतं. परळ पालथी आहे, हे मला दिसलं. खडा गेला आहे, हेही कळलं. त्यापुढे आत काही हललं नाही.

ज्यांनी हे कधी जवळून पाहिलं नसेल त्यांना सांगते. चितेभोवती फिरताना ज्या दगडानं पाण्याच्या मडक्याला भोक पाडतात, तो जीवखडा. दहाव्यापर्यंत गेलेल्या माणसाचा जीव त्याच्यापाशी असतो असं मानतात. त्याला रोज सकाळी तीळपाणी द्यायचं, घरात आणायचा नाही, आणि दहाव्याच्या विधीनंतर नदीत सोडायचा. ज्यानं अग्नी दिला त्यानं तो सांभाळायचा. आमच्या घरात अग्नी मी दिला होता आणि दहावा त्याच दिवशी होता.

परळीच्या आसपास गल्लीतल्या कुत्र्याच्या पायांचे ठसे होते. म्हणजे काल सकाळी मी पाणी देऊन गेल्यावर परळ कुणी उलटवली ते समजलं. तिथून हातभर अंतरावर पोत्यांवर ओळीनं गोटे मांडलेले होते. मोठे, मधले, मुठीत मावणारे. सगळे पांढरेफटक. काल दुपारी आईनं त्यांना प्रायमरचा हात मारला होता.

खडाही मुठीत मावणाराच होता. त्याच नदीचा, तसाच गुळगुळीत, काळा, एका अंगाला चितेची राख लागलेला. आता त्या रांगेत कुठेतरी पांढरा होऊन बसला होता.

आमच्या अंगणात गोटे कुठून आले, ते सांगायला हवं. अण्णा बोर्ड रंगवायचे. जगू पेंटर म्हटलं की तालुक्यात कुणालाही माहीत. किराणा दुकानांपासून कुस्त्यांच्या मैदानापर्यंत सगळीकडे त्यांची अक्षरं होती. मग फ्लेक्स आले आणि एका वर्षात त्यांचे ब्रश वाळून कडक झाले. अण्णा महिनाभर ओट्यावर बसून राहिले. एक दिवस कोयनेवरून पोतंभर गोटे घेऊन आले आणि त्यांच्यावर बदकं काढायला बसले. "देवांचे बोर्ड केले, पुढाऱ्यांचे केले, आता बदकांचे दिवस आलेत," म्हणाले. लोक हसले, पण बदकं खपली. बागेवाले, शाळावाले, रस्त्याकडेचे हॉटेलवाले न्यायला लागले. लग्न मोडून मी माहेरी परत आले तेव्हा त्यांनी मला काही विचारलं नाही. हातात तारेचा ब्रश दिला आणि म्हणाले, "शेवाळं काढ."

दगड रंगवण्यात रंगवण्याचं काम सगळ्यात थोडं असतं. गोटे भिजत घालायचे, तारेच्या ब्रशनं घासायचे, सोड्याच्या गरम पाण्यातून काढायचे, चांगली कडक उन्हं दाखवायची. वरून कोरडा दिसला तरी दगडाच्या पोटात पाणी असतं. मग पॉलिश पेपर मारून त्याचा गुळगुळीतपणा मोडायचा. "फार गोड बोलणाऱ्या माणसावर आणि फार गुळगुळीत दगडावर काही टिकत नाही," हे अण्णांचं ठरलेलं वाक्य. एवढं झालं की आईची पाळी. प्रायमर फक्त आई मारायची. तिचा हात असा की ब्रशची एक रेघ दिसायची नाही. वरची कासवं, बेडूक, किडे अण्णांचे आणि माझे.

अण्णा गेले तेव्हा हायवेवरच्या नव्या हॉटेलच्या बागेचं काम हातात होतं. गोटे घासून, वाळवून, पेपर मारून तयार होते. सुतकात कोण हात लावणार म्हणून तसेच पडून होते. आईनं लावला.

काल मी आणि संपत दहाव्याचं सामान आणायला बाजारात गेलो होतो. संपत म्हणजे माझा चुलत भाऊ, नानाकाकांचा मुलगा. परत आलो तर आई अंगणात पाय पसरून बसलेली, मांडीवर फडकं, हातात ब्रश. ओट्यावर नानाकाका तोंड फिरवून बसलेले. अण्णांचे ते थोरले भाऊ. लग्न होऊन घरात आल्यापासून आई त्यांच्याशी कधी थेट बोलली नव्हती. थोरल्या दिरासमोर पदर पुढे ओढायचा आणि जे काय असेल ते तिसऱ्याला सांगायचं, ही तिची रीत. तिसरं कुणी नसेल तर भिंतीला सांगायची.

"कुमे, तुझ्या आईला इचार, सुतकात हे कसलं रंगकाम?" नानाकाका म्हणाले.

"कुमे, काकांना सांग," आई गोट्यावरची नजर न काढता म्हणाली, "हात रिकामे ऱ्हायले की मला श्वास घ्यायचं बी सुचत न्हाय."

दोघांत चार हातांचं अंतर होतं. मी मधे उभी होते आणि मला काही सांगावं लागलं नाही.

आई तोवर रडली नव्हती. शेजारच्या बायका मला बाजूला घेऊन सांगायच्या, "तिला रडू दे गं, न्हायतर आत साचून बसंल." जसं काही रडण्याचा नळ माझ्या हातात होता. मीही रडले नव्हते, पण माझं कुणाला विशेष वाटत नव्हतं. मी अग्नी दिला होता, म्हणजे त्यांच्या लेखी मी अर्धा पुरुष झाले होते.

त्या अग्नीवरूनच सगळं अडलं होतं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात अण्णांनी नानाकाकांचा हात धरून सांगितलं होतं, "नाना, माझं सगळं कुमी करंल." नानाकाकांना ते पटलं नव्हतं. स्मशानात त्यांनी संपतला पुढे केलं, मग अण्णांच्या तोंडाकडे बघितलं आणि मागे घेतलं. मला म्हणाले, "कर तू. त्यानं सांगितलंय म्हनून कर. पर शेवटपत्तूर नीट निभाव. काय इकडचं तिकडं झालं तर दहाव्याला संपत बसंल. माझ्या भावाचं अर्धवट ऱ्हायलेलं मला चालायचं न्हाय."

आता झालं होतं ना इकडचं तिकडं.

मी तांब्या खाली ठेवला आणि रांगेपाशी उकिडवी बसले. खडा हरवला म्हणून सांगितलं तर संपत धोतर नेसून बसणार, नवा खडा येणार आणि अण्णांनी मागितलेली एक गोष्ट माझ्या हातून जाणार. खडा कसा रंगला ते सांगितलं तर आईला कळणार, की आपणच नवऱ्याला प्रायमर मारला. दोन्ही नको होतं. तेव्हा तो शोधायचा आणि गुपचूप पुसायचा, एवढंच उरलं.

शोधायचा कसा, ते मला माहीत होतं. तयार केलेला गोटा प्रायमर धरतो. रात्र गेल्यावर नख मारलं तर नुसती रेघ उठते. न घासलेल्या दगडाला तो वरवर चिकटतो आणि नखासरशी सुटतो. जीवखड्याला कुणी पॉलिश पेपर मारलेला नव्हता. मोठे गोटे सोडले, मुठीएवढे उचलायला लागले. ते बेडकांचे होते. एक, दुसरा, पुढचा. प्रत्येकावर नुसती रेघ उठत होती.

"नखं काय मारतीस त्याला?"

आई न्हाणीतून बाहेर आली होती. केस ओले, कपाळ मोकळं. त्या मोकळ्या कपाळाकडे बघायची मला सवय होत नव्हती. मी गोट्याकडेच बघत राहिले.

"पकडलाय का बघते."

"कोन पकडलाय?"

"प्रायमर गं."

आईचा आवाज चढला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "माझा हात कदी सुटलाय व्हय? तुझ्या जल्माच्या आधीपासनं मारतीया. त्येंच्या बोर्डाच्या पत्र्यांना म्याच मारायची. एका बोर्डाचा पोपडा उडालेला दाखव मला गावात."

"तसं नाही आई. हवा दमट होती काल."

"दमट म्हनं." ती समोर येऊन बसली. पदर खोचला आणि एक गोटा उचलून त्यावर अंगठ्याचं नख कचकन ओढलं. "बघ. उठला का?" दुसरा उचलला. "ह्यो बघ." तिला आता थांबवता येईना. ती एकेक उचलून माझ्या नाकासमोर धरत होती आणि मी नुसती मान हलवत होते. आई भांडते आहे, हे मला बरं वाटलं असावं. नक्की सांगता येत नाही.

आणि एका गोट्यावरचं पांढरं तिच्या नखाखालून सोललं गेलं. उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तसा सलग पापुद्रा. खाली काळा दगड आणि त्यावर राखेचा करडा डाग.

आईनं तो उलटा केला, परत सुलटा केला.

"ह्यो मी घासलेला न्हाय," ती म्हणाली.

"नाही."

"पेपर बी मारलेला न्हाय ह्याला."

"नाही."

ती शेवग्याकडे बघायला लागली. पालथी परळ बघितली, तांब्या बघितला, मग माझ्याकडे. मी ठरवलेलं सगळं वाया गेलं होतं.

"तुला ठावं हुतं?"

"आत्ताच कळलं. परळ कुत्र्यानं पाडली असणार. हा घरंगळत इकडे आला आणि..."

"आनि म्या ह्यांना प्रायमर मारला," आई म्हणाली.

हे वाक्य अण्णांनी ऐकलं असतं तर पोट धरून हसले असते. मलाही हसू यायला हवं होतं, नाहीतर रडू तरी. दोन्हीपैकी काही आलं नाही. आईचाही चेहरा तसाच राहिला, पाटी पुसल्यासारखा.

मी उठले. "दे इकडे. टर्पेंटाइननं दोन मिनिटांत निघेल. कुणाला कळणारसुद्धा नाही."

आईनं मूठ मिटली. "नको."

"अगं, नानाकाका..."

"टर्पेंटाइन लावायचं न्हाय. त्या वासानं ह्यांना ढास लागायची. शेवटाला तर शेजारच्या घरात डबा उघडला तरी उठून बसायचे. आता जाताना नको लावूस."

"दगड आहे तो, आई."

"व्हय ना? मग त्याला पानी कशाला देत हुतीस रोज?"

बाहेर संपतच्या टेम्पोचा हॉर्न वाजला. आईनं खोचलेला पदर सोडला, खडा एका धुतलेल्या फडक्यात बांधला आणि माझ्या हातात दिला.

"घाटावर मी बोलेन," मी म्हणाले. "माझ्याकडून रंग सांडला म्हणून सांगते. तू मधे पडू नकोस. काही झालं तरी."

आईनं दाराला कडी लावली, दोनदा ओढून बघितली आणि टेम्पोत जाऊन बसली.

घाटावर थंडी होती. मार्गशीर्षातलं पाणी, तळ दिसेल इतकं निवळ. पायऱ्यांवर भावकीतली माणसं घोंगड्या-शाली लपेटून बसली होती. बायका एका बाजूला. गुरुजींनी दर्भ, तीळ, पीठ मांडून ठेवलं होतं. मी अंघोळ करून ओल्यानं समोर बसले. नानाकाका माझ्या मागेच उभे राहिले. सगळं नीट होतंय ना, ते बघायला.

"अश्मा काढा," गुरुजी म्हणाले. पोथीत जीवखड्याला अश्मा म्हणतात.

मी फडकं सोडलं.

गुरुजींनी चष्मा वर सरकवला. पाण्याच्या काठाला तो पांढरा गोटा फारच पांढरा दिसत होता. नुकत्याच सोललेल्या अंड्यासारखा. एका बाजूला आईच्या नखाचा काळा ओरखडा.

"ह्यो काय?" नानाकाका म्हणाले.

"जीवखडा."

"पांढरा?"

"रंग लागलाय, नानाकाका. माझ्याकडून. शेजारी गोटे वाळत होते, त्यात गेला."

"रंग लागला? का हरवला म्हनून एक उचलून आनलास? तुमच्या दारात ढीग पडलाय असल्या गोट्यांचा."

"हाच आहे. बाकीच्यांनी प्रायमर धरलाय, यानं नाही धरला. न घासलेला दगड..."

"मला रंगातलं काय कळतंय?" त्यांचा आवाज चिरला. मी मागे वळून बघितलं तर ते रागावलेले नव्हते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. "माझा भाव हाय त्यो, पोरी. धाकला. भलत्याच धोंड्याला पानी दिलं तर त्यानं जायचं कुठं? सांग की, कुठं जायचं त्यानं? संपत, धोतर नेस."

संपत पायरीवर चुळबुळत उभा होता. "नाना, ताई म्हनतीया तर असंल की त्योच."

"नेस म्हनलं ना."

संपतनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून पिशवीतून धोतर काढलं. तेव्हा मला भीती वाटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं आणि ती भीती होती. मी त्या खड्यावर हात ठेवून बसले. कुणी उठवलं तर कसं उठायचं, तेच कळत नव्हतं. मी वाद घालू शकले असते. पण समोर रडणाऱ्या म्हाताऱ्याला दगडाची तयारी समजावून सांगायची माझ्यात ताकद नव्हती.

"भावजी."

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही, आवाज कुणाचा ते. मग बायकांच्या घोळक्यातून आई पुढे आली. पदर डोक्यावर होता, पण पुढे ओढलेला नव्हता. ती नानाकाकांच्या समोर जाऊन उभी राहिली. चुलतीनं तिला मागे खेचायला हात पुढे केला आणि तसाच ठेवला.

"रंग म्या लावलाय," आई म्हणाली. "कुमीनं न्हाय. ती माझ्यासाठी खोटं बोलतीया. हे गेल्यापासनं मला काय दिसत न्हाय, ऐकाया येत न्हाय. हाताला येईल त्याला ब्रश लावत बसले. ह्योबी हाताला आला. मला कळला न्हाय. इतकी वर्सं संसार केला आनि हातात घेऊन बी मला कळला न्हाय."

नानाकाकांनी तोंड उघडलं. मग सवयीनं माझ्याकडे वळले. "कुमे, तुझ्या आईला म्हनावं..." आणि थांबले.

"मला म्हना," आई म्हणाली. "मी हितंच हाय."

तिनं वाकून खडा उचलला आणि त्यांच्यापुढे धरला. "माझ्या हातचा रंग असा सुटत न्हाय. ह्याचाच सुटतोय, कारन ह्याला म्या घासला न्हवता. तुमीच नख लावून बघा. खाली राख हाय अजून."

नानाकाकांनी खडा घेतला. त्यांची नखं शेतकामानं जाड झालेली. एक हलकं नख लावल्याबरोबर पापुद्रा उठला. त्यांनी आणखी नाही खरवडलं. त्या करड्या डागावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ फिरवत राहिले. मग अंगठ्याला लागलेली राख बघितली.

"बरं," ते म्हणाले. आईकडे बघून, थेट. मग गुरुजींना, "चालेल का ह्यो?"

गुरुजींनी खांदे उडवले. "दगड तोच असला म्हणजे झालं. ऑइल पेंटबद्दल शास्त्रात काही दिलेलं नाही."

"मग करा सुरू. संपत, ठेव ते धोतर."

विधी झाला. एकेकानं येऊन खड्यावर तीळपाणी घातलं. पाणी त्याच्यावर टिकत नव्हतं, थेंब होऊन घसरत होतं आणि तीळ जागोजाग चिकटून राहत होते. पिंड ठेवला तर कावळा आधीपासून पिंपळावर तयारच होता. कुणाला हाका मारायला लागल्या नाहीत, काही कबूल करायला लागलं नाही. अण्णांना कुणाला ताटकळत ठेवायला कधी आवडायचं नाही.

मग मी कमरेएवढ्या पाण्यात गेले. पाणी इतकं गार, की पाय माझे आहेत हे मला त्या दिवशी नीट कळलं. गुरुजींनी वरून सांगितलं तशी मी खडा दोन्ही हातांत धरून पाण्याखाली नेला आणि सोडला.

लोकांचे खडे सोडल्याबरोबर जातात. काळ्या गोट्यांत काळा गोटा. हा गेला नाही. हलत हलत तळाला बसला आणि तिथून दिसत राहिला. सबंध नदीत तेवढाच एक पांढरा.

"आता मागं वळून बघायचं नाही," गुरुजी म्हणाले. मी नाही बघितलं. पायऱ्या चढून वर आले, तर आई माझ्या खांद्यावरून पाण्याकडेच बघत होती. तिला कुणी अडवलं नाही.

तेरावं झालं. माणसं पांगली. नानाकाका जाताना आईला म्हणाले, "काय लागलं तर मला सांगा." आईनं मान हलवली. मी बेडूक रंगवायला घेतले. हॉटेलवाले दोनदा येऊन गेले होते आणि अण्णांनी शब्द दिलेला होता. हिरवा रंग, मग पोट पिवळं, मग डोळे. माझं बरं चाललं होतं, म्हणजे काहीच वाटत नव्हतं.

आई रोज दुपारी धुण्याची बादली घेऊन घाटावर जायला लागली. घरात नळ होता. दोघींचं धुणं असून असून किती असणार? कधी दोन पोलकी, कधी नुसतं एक फडकं. एक दिवस भाकरी वाढताना तीच म्हणाली, "पायरीवरनं वाकलं की दिसतो."

"काय?"

"त्यो. उन्हं पानी कापून आत जात्यात ना दुपारच्याला, तवा चांगला दिसतो."

मग रोज सांगायला लागली. आज जरा उजवीकडं सरकलाय. आज त्याच्या बाजूला मासळी फिरत होती. धरणातनं पाणी सोडलं, गढूळ होतं, आज काय दिसलं न्हाय. परत दिसला. वरच्या अंगाचं थोडं सोलून गेलंय. हे सगळं ती सांगायची तेही गावाहून आलेल्या पत्राची हकिकत सांगावी तसं. रडली मात्र नाहीच. शेजारच्या बायकांनी सांगायचं सोडून दिलं होतं. आई वाळत चालली होती. रात्री उठून बसायची आणि मी विचारलं की म्हणायची, "काय न्हाय, पानी प्याले."

उन्हाळ्याच्या तोंडाला एक दिवस ती लवकर परत आली. बादली रिकामी. धुणं घाटावरच विसरली होती.

"कुमे, चल जरा माझ्यासंगं."

मी हातातला ब्रश तेलात टाकला आणि निघाले. घाटावर दोनच बायका धुणं आपटत होत्या. आई नेहमीच्या पायरीवर वाकली, मला शेजारी ओढून घेतलं आणि हात डोळ्यांवर धरला.

"मला घावंना गं आज. तुझे डोळे चांगले हायत. बघ बरं. त्या खडकाच्या अलीकडं."

मी बघितलं. पाणी ओसरलं होतं, तळाचे गोटे स्पष्ट होते. काळे, करडे, शेवाळलेले. आणि त्या खडकाच्या अलीकडे एक गोटा होता, बराचसा काळा, एका कुशीवर नखाएवढा पांढरा तुकडा अजून धरून बसलेला. बाकी कुणाला दिसला नसता. मला प्रायमर कुठे सुटतो आणि कुठे धरतो ते बघायची इतक्या वर्षांची सवय होती.

"दिसतोय का?" आईनं विचारलं. तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं.

तिचा चेहरा माझ्या अगदी जवळ होता. डोळ्यांखाली काळं झालेलं, ओठ सुकलेले. एवढ्या दिवसांत मी तिच्याकडे इतकं जवळून बघितलंच नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

"नीट बघ."

"बघितलं, आई. नाहीये. गेले अण्णा."

ती आणखी थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग माझं मनगट सोडलं आणि होती तिथेच पायरीवर बसली. आधी नुसता तोंडातून बारीक आवाज आला. मग ती रडायला लागली. मोठ्यानं, छाती पिटून, अण्णांना नाव घेऊन हाका मारत. ज्यांचं नाव तिनं उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं. धुणं टाकून त्या दोघी बायका धावत आल्या. त्यातल्या एकीनं आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "रडू दे. रडू दे तिला."

मी आईच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिले. माझी नजर पाण्यावर होती.

त्या रात्री आई भाकरी खाऊन झोपली आणि मधे एकदाही उठून बसली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावरही तशीच गाढ झोपली. मी तिच्या अंगावर चादर घातली. मग धुण्याची बादली उचलली आणि घाटावर गेले.